रजोनिवृत्ती : शरीराची ओळख आणि नियोजनातून सुटलेले दशक

देशातील स्त्रियांच्या आरोग्याविषयी बोलताना सर्वप्रथम आधार घेतला जातो तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा. या सर्वेक्षणाची स्त्रियांसाठीची प्रश्नावली १५ ते ४९ या वयोगटापुरती मर्यादित आहे. दुसरीकडे, २०१०-११ मध्ये सुरू झालेला वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम ६० वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांसाठी आहे. पन्नाशी ओलांडलेली आणि साठी न गाठलेली स्त्री या दोहोंच्या मधल्या जागेत उभी असते. पहिल्या यंत्रणेच्या दृष्टीने तिचे प्रजननाचे वय संपलेले असते आणि दुसरीच्या दृष्टीने तिचे वार्धक्य सुरू झालेले नसते. याच सुमारास तिच्या शरीरात यौवनारंभाइतकाच मोठा बदल घडून येत असतो. त्याला रजोनिवृत्ती म्हणतात.

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षाच्या सुमारास कायमची थांबते. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे. १९४१-५१ या दशकात भारतीय स्त्रीचे जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. नमुना नोंदणी प्रणालीनुसार २०१६-२० या काळात ते ७१.४ वर्षे झाले. जुन्या आकड्याचा अर्थ त्या काळी स्त्रिया पन्नाशी गाठतच नसत असा कोणी घेऊ नये. मोठ्या प्रमाणावरील बालमृत्यूंमुळे तो आकडा खाली ओढला गेला होता. (परीक्षार्थींकडून ही चूक वारंवार होते.) तथापि, रजोनिवृत्तीनंतर पंचवीस-तीस वर्षे जगणाऱ्या स्त्रियांची संख्या आज पूर्वी कधीही नव्हती इतकी मोठी आहे, हे निर्विवाद. आयुष्याच्या एवढ्या मोठ्या भागाचा आरंभ कसा होतो हे त्या स्त्रीला ठाऊक असणे वा नसणे ही केवळ खाजगी बाब राहत नाही.

शरीरात काय घडते

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत सुमारे दहा ते वीस लाख बीजपुटिका असतात. पाळी सुरू होईपर्यंत त्यांपैकी तीन ते चार लाख उरतात आणि संपूर्ण आयुष्यात जेमतेम चारशे ते पाचशे बीजे परिपक्व होऊन बाहेर पडतात. उरलेल्या बीजपुटिका हळूहळू नाश पावतात. हा साठा संपत आला की अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक आधी अनियमित होते आणि नंतर घटते. सलग बारा महिने पाळी आली नाही, आणि त्यास गर्भधारणा किंवा अन्य आजार कारणीभूत नसेल, तर रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते. म्हणजेच रजोनिवृत्तीची तारीख नेहमी मागे वळूनच सांगता येते.

त्यापूर्वीचा संक्रमणकाळ साधारणपणे चार वर्षांचा असला तरी काही स्त्रियांत तो बराच लांबतो. सर्वसामान्य समजूत अशी की संप्रेरक एका संथ उतारावरून खाली येते. वस्तुस्थिती निराळी आहे. या काळात इस्ट्रोजेनची पातळी कधी नेहमीपेक्षाही वर जाते, तर कधी एकदम कोसळते. त्यामुळे पाळी दोन महिने लांबते आणि मग पंधरा दिवसांत पुन्हा येते. रक्तस्राव कधी अल्प, कधी भयभीत करणारा होतो. मेंदूतील तापमान नियंत्रित करणारे केंद्र अतिसंवेदनशील बनते व किरकोळ बदलालाही शरीर उष्णता बाहेर टाकू लागते. चेहरा व छाती एकाएकी तापणे, घामाने भिजणे, रात्री झोपमोड होणे ही त्याचीच रूपे होत. योनिमार्गाचा कोरडेपणा, वारंवार लघवीला जावे लागणे, सांधेदुखी, धडधड, चिडचिड, विस्मरण अशा तक्रारीही आढळतात. सर्वच स्त्रियांना सर्व त्रास होत नाहीत, आणि काहींना जवळजवळ काहीच त्रास होत नाही.

चाळिशीपूर्वी पाळी थांबली तर मात्र ती अकाली रजोनिवृत्ती समजून वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला तर तोही, कितीही थोडा असला तरी, तपासून घ्यावा लागतो. गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. इस्ट्रोजेन घटल्यामुळे हाडांची झीज वेगाने होऊ लागते व हृदयविकारापासून मिळणारे संरक्षण कमी होते. या दोन बदलांचा गाजावाजा होत नाही, कारण ते दुखत नाहीत.

रजपूत स्त्रियांचा अभ्यास

अमेरिकी मानवशास्त्रज्ञ मार्शा फ्लिंट यांनी राजस्थान व हिमाचल प्रदेशातील ४८३ रजपूत स्त्रियांचा अभ्यास करून १९७५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. पाळी अनियमित होण्यापलीकडे फारच थोड्या स्त्रियांनी त्रास सांगितला. फ्लिंट यांचे स्पष्टीकरण सामाजिक होते. पाळी थांबल्यावर या स्त्रिया पडद्याबाहेर येऊ शकत, पुरुषांच्या बैठकीत बसू शकत, त्यांचा मान वाढे. जेथे रजोनिवृत्ती हे बक्षीस ठरते तेथे तिचा त्रास कमी जाणवतो आणि जेथे ती तारुण्याच्या अस्ताची शिक्षा ठरते तेथे तो अधिक जाणवतो, असे या मांडणीचे सार.

ही मांडणी गाजली आणि ताणलीही गेली. भारतीय स्त्रियांना रजोनिवृत्तीचा त्रास होतच नाही, तो पाश्चात्त्यांचा आजार आहे, असा सोयीस्कर निष्कर्ष काहींनी तिच्यातून काढला. भारतातील नंतरच्या अभ्यासांत मात्र थकवा, सांधेदुखी, निद्रानाश यांसारख्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रातही ‘पाळी गेली, सुटले एकदाची’ असे म्हणणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत. शिवाशिवीच्या बंधनांतून आणि गर्भधारणेच्या धास्तीतून होणारी ही सुटका खरीच असते. परंतु सुटकेची भावना आणि रात्रीची जाग या दोन्ही गोष्टी एकाच स्त्रीच्या ठायी एकाच वेळी असू शकतात. त्रास झाला म्हणून ती दुबळी ठरत नाही आणि झाला नाही म्हणून तिने काही सहन केले नाही असेही होत नाही.

स्वतःवरचा दबाव कोठून येतो

स्वतःच्या आरोग्याविषयीची माणसाची जाणीव त्याच्या समाजातील स्थानावर अवलंबून असते, हे अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी एका जुन्या पाहणीच्या आधारे दाखवून दिले आहे. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये कोलकात्याजवळील सिंगूर येथे झालेल्या आरोग्य पाहणीत ४८.५ टक्के विधुरांनी आपली प्रकृती वाईट किंवा यथातथा असल्याचे सांगितले. विधवांमध्ये हे प्रमाण केवळ २.५ टक्के होते. त्या विधवांची प्रकृती उत्तम होती असे मानण्यास काहीही आधार नव्हता. ‘मला बरे वाटत नाही’ हे वाक्य म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे, ही जाणीवच त्यांना नव्हती.

रजोनिवृत्तीच्या वयातील स्त्रीबाबत आजही काही प्रमाणात हेच घडते. या वयात मुलांच्या परीक्षा किंवा लग्ने, सासूसासऱ्यांचे आजारपण, शेतीची वा नोकरीची जबाबदारी हे सारे एकदम येऊन पडते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. ही २८९ मिनिटे स्त्रीचे वय पंचवीस आहे की अठ्ठेचाळीस, ती रात्री सहा तास झोपली की तीन तास, हे पाहून कमी-जास्त होत नाहीत. घरकामाला मोबदला नसल्याने त्याला रजाही नसते.

अशा स्थितीत जे घडते त्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. रात्री घामाने जाग येते, झोप तुटते. दुसऱ्या दिवशी हातून दूध उतू जाते, बँकेत सही करताना तारीख आठवत नाही, मुलावर विनाकारण आवाज चढतो. स्त्रीला याचे शारीरिक कारण माहीत नसते. घरातील कोणालाही ते माहीत नसते. मग उरते एकच स्पष्टीकरण : आपणच कमी पडतो आहोत. ते कमीपण भरून काढण्यासाठी ती आणखी लवकर उठते, आणखी एक पदार्थ करते, आणखी गप्प बसते. थकवा वाढतो आणि थकव्याने झोप आणखी बिघडते. ‘पूर्वी सगळे जमत होते’ हे वाक्य स्वतःवर आसूड म्हणून वापरले जाते. विस्मरणाची ही तक्रार बहुसंख्य स्त्रियांत तात्पुरती असते. ती बुद्धिभ्रंशाची सुरुवात नव्हे, एवढे वेळेवर सांगितले गेले तरी भीतीचा मोठा भाग नाहीसा होतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. हा दबाव सोडून द्या असा उपदेश स्त्रियांना करणे सोपे आहे. पण त्यातून तिच्या यादीत आणखी एका कर्तव्याची भर पडते. आता तिने आनंदीही राहिले पाहिजे! दबाव सैल होण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात. शरीरात जे घडत आहे त्याला नाव मिळावे लागते, आणि त्या २८९ मिनिटांतील काही मिनिटे दुसऱ्या कोणाकडे जावी लागतात. पहिली गोष्ट झाल्यावाचून दुसरीची मागणी तिच्या तोंडून येत नाही. झोपेच्या अभावी हातून चूक होते हे समजलेली स्त्री दुपारी अर्धा तास पडते आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागत नाही. सकाळचा डबा नवऱ्याने किंवा मुलाने भरावा असे सांगू शकते. निराशा दीर्घकाळ टिकून राहिली, कशातच मन लागेनासे झाले, तर मात्र ते वयाचे म्हणून सोडून न देता मानसोपचाराचा आधार घेणे योग्य ठरते.

माहितीची विषमता आणि गर्भाशय

वैद्यकीय सेवेची बाजारपेठ इतर बाजारपेठांसारखी का नसते याचे विवेचन केनेथ ॲरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात केले होते. विकणाऱ्याला जे माहीत असते ते घेणाऱ्याला माहीत नसते आणि काय घ्यावे हेही विकणाराच सांगतो. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील स्त्री ही या विषमतेचे बोलके उदाहरण आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) स्त्री नसबंदीचे मध्यक वय २५.७ वर्षे आढळले. पंचविशीत नसबंदी झाली की आरोग्य यंत्रणेशी तिचा नियमित संबंध जवळजवळ संपतो. याच फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ३.२ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे दिसून आले आणि या शस्त्रक्रियेचे मध्यक वय होते ३४ वर्षे. म्हणजे नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या बारा वर्षे आधी. पाचव्या फेरीतही (२०१९-२१) चित्र फारसे बदलले नाही; आंध्र प्रदेश व तेलंगणात हे प्रमाण आठ ते नऊ टक्क्यांच्या आसपास होते. सुमारे दोनतृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयांत झाल्या होत्या आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनी कारण सांगितले ते अतिरक्तस्राव किंवा वेदना. ४५ वर्षांवरील व्यक्तींची माहिती गोळा करणाऱ्या २०१७-१८ च्या दीर्घकालीन वयोवृद्धी अभ्यासात सुमारे ११ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले.

गर्भाशय काढणे ही काही आजारांत आवश्यक व जीवनदायी शस्त्रक्रिया आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो टाळता येण्याजोग्या शस्त्रक्रियांचा. अतिरक्तस्रावावर रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या स्वस्त गोळ्या, लोहाच्या गोळ्या, संप्रेरकयुक्त तांबी असे उपाय उपलब्ध आहेत. परंतु ‘मुले झाली, आता पिशवीचे काम काय?’ हा प्रश्न रुग्णालयात तसाच घरातही विचारला जातो. त्यात कर्करोगाची भीती घातली गेली की निर्णय झालाच म्हणून समजावे. शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली गेली तर जो बदल निसर्ग काही वर्षांत घडवतो तो एका रात्रीत होतो. तिशीतील स्त्रीच्या हाडांची झीज पन्नाशीतील स्त्रीप्रमाणे सुरू होते. अंडाशये ठेवली तरी ती नेहमीपेक्षा लवकर निकामी होण्याची शक्यता असते. हे तिला आधी सांगितले जातेच असे नाही.

२००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण होते. २०१२ च्या सुमारास बिहार व छत्तीसगडमध्ये या योजनेखाली अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात, समजावून सांगण्याचे मिळत नाहीत, अशी जेथे रचना असते तेथे पुरवठाच मागणी निर्माण करतो, हे अर्थशास्त्रातील सूत्र येथे प्रत्यक्षात आले.

बीडचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायकोची जोडी एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाते, मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि कामावर न गेल्यास खाड्याचे पैसे कापले जातात. फडाजवळच्या पालांत ना शौचालय असते ना पुरेसे पाणी. पाळीच्या चार दिवसांची किंमत तेथे रुपयांत मोजता येते. २०१९ मध्ये या प्रश्नाची चर्चा झाल्यावर राज्य शासनाने समिती नेमली. जिल्ह्यात करण्यात आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. यांतील प्रत्येकीची फसवणूक झाली असे म्हणणे अतिसुलभीकरण होईल. काहींनी हिशोब करूनच निर्णय घेतला. ज्या हिशोबात खाड्याची रक्कम होती, पण पुढे येणाऱ्या पाठदुखीची, ठिसूळ हाडांची आणि शस्त्रक्रियेसाठी काढलेल्या कर्जाची पुरेशी नोंद नव्हती, असा तो हिशोब होता.

राजस्थान, बिहार व छत्तीसगडमधील अशा शस्त्रक्रियांविषयी डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय देताना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेशांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असा आदेश दिला. राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवर संनियंत्रण समित्या हा या तत्त्वांचा गाभा आहे.

उपचारांविषयीची धास्ती

बहुसंख्य स्त्रियांना आहार, व्यायाम, सुती कपडे, थंड खोली, चहा-कॉफी मर्यादित ठेवणे एवढ्याने दिलासा मिळतो. ज्यांना तीव्र त्रास होतो त्यांच्यासाठी संप्रेरक उपचार हा सर्वाधिक परिणामकारक मार्ग आहे. मात्र २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा संप्रेरकांविषयीचा भाग मध्येच थांबवण्यात आला आणि स्तनाचा कर्करोग व पक्षाघात यांच्या भीतीने जगभर हे उपचार मागे पडले. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही बाब नंतरच्या विश्लेषणात महत्त्वाची ठरली. साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांत तीव्र त्रासासाठी या उपचारांचा लाभ सामान्यतः धोक्यापेक्षा अधिक असतो असे आज मानले जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधांवरील सर्वात कडक इशारे काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. स्तनाचा कर्करोग किंवा रक्तात गुठळ्या होण्याचा पूर्वेतिहास असलेल्या स्त्रियांसाठी हे उपचार सहसा योग्य नसतात.

यंत्रणा कोठे आहे

नवे खाते किंवा नवी योजना काढल्यावाचून या प्रश्नाला हात घालता येणार नाही असे नाही. असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीसाठी आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा तक्ता भरते. त्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रश्न आहेत : स्तनात गाठ आहे काय, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव होतो काय, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला काय. म्हणजे रजोनिवृत्तीचा उल्लेख शासकीय कागदावर आहे. पण तो कर्करोगाची इशारा-लक्षणे शोधण्यापुरता. झोप लागते का, अंग तापते का, पाळीत किती जाते, हे विचारण्याची जागा तेथे करता येईल. ‘पाळीत किती जाते’ हा प्रश्न तर दुहेरी उपयोगाचा ठरेल, कारण पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत आणि चाळिशीनंतरचा अतिरक्तस्राव या रक्तक्षयात भर घालतो. गावातील आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब व रक्तशर्करा मोजली जातेच. त्याच भेटीत पाच मिनिटे बोलता येते.

हे बोलणे चाळिशीच्या आत, म्हणजे अनावश्यक शस्त्रक्रियेचा निर्णय होण्याच्या आधी झाले तरच त्याचा उपयोग आहे. आशा कार्यकर्ती या कामासाठी अनोळखी ठरणार नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा या पदासाठी २५ ते ४५ वयाच्या स्त्रियांना प्राधान्य देण्यात आले होते. तेव्हा तिशीत रुजू झालेल्या कितीतरी आशा आज स्वतः पन्नाशीत आहेत. पाळीविषयी दुसऱ्या बाईशी बोलताना त्यांना पुस्तक उघडावे लागणार नाही.